घरी मांसासाठी कबुतरं पाळायची तर आधी जोडी सांभाळा

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे वीस बाय पंधरा फुटांचं परस आहे, पूर्वी तिथे गावठी कोंबड्या होत्या. आता घरच्या खाण्यासाठी दहा जोड्या कबुतरं पाळायचा विचार आहे. बाजारात मिळणारी लक्का, गिरेबाज चालतील, की मोठी परदेशी जातच लागेल? एका जोडीपासून वर्षाला किती पिल्लं मिळतात, आणि खर्च परवडतो का? शिवाय सासऱ्यांना लकवा होऊन गेलाय, त्यांना कबुतराचं मांस गुणकारी असतं म्हणतात, ते खरं का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. आमच्या मिरज-सांगलीकडे हा समज घरोघरी आहे. लकवा झाला की कोणीतरी सांगतं, कबुतराचा रस्सा पाजा, रक्त चोळा. मी बावीस वर्षं ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, सांभाळतोय आणि या कारणासाठी कबूतर मागायला आलेली कित्येक माणसं परत पाठवली आहेत. लकवा मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होतो. कोणत्याही पक्ष्याच्या मांसाने ती उघडत नाही. वाहिनी तुंबलेली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रस्सा शिजवण्यात नेमका तोच वेळ जातो. सासऱ्यांना मांस आवडत असेल आणि डॉक्टरांची ना नसेल तर चांगलं प्रथिन म्हणून जरूर द्या. पण व्यायाम आणि गोळ्या चुकवू नका. आणि या समजापायी विहिरीतले, जुन्या वाड्यातले पारवे कोणी धरून आणून देईल, तर ते घेऊ नका. त्या पक्ष्याने काय खाल्लंय, त्याला कोणता रोग आहे, काही कळायला मार्ग नसतो.

आता पाळण्याचं. तुमच्याकडे कोंबड्या होत्या, म्हणून पहिल्यांदा एक फरक मनात पक्का करा. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की काही तासांत चालतं, दाणा टिपतं. मशिनमध्ये उबवा, बल्बखाली ठेवा, भरडा टाका, ते वाढतं. कबुतराचं पिल्लू आंधळं, पिवळट लवेचं, मान न धरणारं असतं. पहिले चार-पाच दिवस ते दाणा खाऊच शकत नाही. आई आणि बाप, दोघांच्याही गळ्याखालच्या अन्नपिशवीत त्या दिवसांत दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ तयार होतो. त्याला कबुतराचं दूध म्हणतात. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर असते. पिल्लू चोच आईबापाच्या तोंडात घालतं आणि ते उचकी दिल्यासारखं ते दूध वर आणतात. पहिल्या दोन दिवसांतच पिल्लाचं वजन दुप्पट होतं. याला पर्याय कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून कबूतर पाळणाऱ्याचं पिल्लाकडे फारसं काम नसतं. त्याचं सगळं काम जोडीकडे असतं. जोडी धष्टपुष्ट, निर्धास्त आणि एकमेकांशी जमलेली असेल तर ती पिल्लू वाढवते. नाहीतर तुम्ही कितीही खर्च करा, घरट्यात वाळलेली पिल्लंच सापडतात.

जातीचा प्रश्न यावरूनच सुटतो. लक्का शोभेचा पक्षी, गिरेबाज उडवायचा. दोघांचीही पिल्लं लहान, सोलल्यावर हातात फारसं काही उरत नाही. मांसासाठी जगभर नाव घेतलं जातं ते किंग, कार्नो, मोंदेन या जातींचं. किंग अमेरिकेत १८९०च्या दशकात रंट, होमर, माल्टीज आणि डचेस या जातींच्या संकरातून तयार झाली. कार्नो ही उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमकडची. मानसशास्त्रातल्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध झालेली कबुतरं बहुतेक हीच, पांढरी कार्नो. रंट सगळ्यांत मोठं, पण विणीला संथ. मोठा पक्षी म्हणजे जास्त मांस, हा हिशोब तिथे फसतो.

आपल्याकडे अडचण अशी की शौकिनांकडे ‘किंग’ म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा प्रदर्शनाचं किंग असतं. छाती पुढे, शेपूट वर, बघायला राजबिंडं. त्याची निवड रूपावर झालेली असते, पिल्लं वाढवण्यावर नाही. अशी जोडी वर्षाला चार पिल्लं देऊन थांबलेली मी पाहिली आहे. म्हणून विकत घेताना पक्षी किती मोठा हे नंतर विचारा. आधी विचारा की या जोडीने गेल्या वर्षी किती पिल्लं स्वतः वाढवली, आणि वही मागा. वही नसेल तर त्याच्या घरट्यांत डोकवा. सुरुवातीला मला सगळ्यांत जमलेला मार्ग म्हणजे किंगचा नर आणि होमरची मादी. होमर म्हणजे लांबून घरी परतणारं कबूतर. ती आपल्याकडे सहज मिळते, काटक असते आणि आई म्हणून तिला तोड नाही. या संकराचं पिल्लू चार आठवड्यांत साधारण चारशे ते साडेचारशे ग्रॅम जिवंत वजनाचं होतं. चांगल्या किंगचं पाचशे-सहाशेपर्यंत जातं. मात्र मोठी झालेली होमर विकत आणलीत तर तिला कधीही मोकळी सोडू नका. वर्षाने सोडलीत तरी ती जुन्या मालकाच्या गच्चीवर जाऊन बसेल.

दहा जोड्यांनी सुरुवात करू नका, चारांनी करा. माझं पहिलं वर्ष सांगतो. सहा जोड्या म्हणून बारा पक्षी आणले. घरी आल्यावर दोन महिने नुसता धिंगाणा. एका ‘जोडीतले’ दोघेही नर निघाले. कबुतरांत नर-मादी बाहेरून ओळखणं खरंच अवघड आहे. घुमणारा, फुगून गोल फिरणारा, शेपूट जमिनीला घासणारा तो नर, असं म्हणतात. पण दांडगी मादीही कधीकधी तसं करते. ढाबळीत एक जरी नर जास्त झाला तरी तो दुसऱ्यांच्या घरट्यांत शिरतो, मारामारीत अंडी फुटतात, पिल्लांची डोकी चोचीने रक्ताळतात. त्या वर्षी माझी नऊ पिल्लं अशी गेली. जास्तीचे नर काढले आणि आठवड्यात ढाबळ शांत झाली. उलट दोन माद्यांची जोडी जमली तर ती भांडत नाही, पण घरट्यात दोनऐवजी चार अंडी दिसतात आणि सगळी वांझ. चार अंडी दिसली की समजायचं.

जोडी स्वतः जमवायची असेल तर दोघांना मध्ये जाळी असलेल्या पिंजऱ्यात आठ-दहा दिवस शेजारी ठेवा. नर घुमायला लागला, मादी मान हलवून जाळीपाशी यायला लागली की जाळी काढा. मादीने नराच्या चोचीत चोच घातली म्हणजे जमलं. साधारण सहा-सात महिन्यांचे पक्षी जोडी लावायला योग्य. एकदा जमलेली जोडी सहसा फुटत नाही. चार-पाच वर्षं चांगलं काम देते.

विणीचं गणित सुबक असतं. मादी पहिलं अंडं संध्याकाळकडे घालते, दुसरं त्यानंतर सुमारे ४४ तासांनी. खरं उबवणं दुसऱ्या अंड्यानंतर सुरू होतं आणि तिथून सतरा-अठरा दिवसांत पिल्लं निघतात. सकाळी उशिरापासून दुपार सरेपर्यंत नर बसतो, बाकीचा वेळ मादी. सहाव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं चालू आहे. स्वच्छ पिवळसर दिसलं तर वांझ, ते काढून टाका म्हणजे जोडी उगाच अडकून राहत नाही. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असतानाच मादी पुढची अंडी घालते. म्हणून प्रत्येक जोडीला दोन घरटी शेजारी शेजारी द्यावीच लागतात. एकात पिल्लं, दुसऱ्यात अंडी. एकच घरटं दिलंत तर मोठी पिल्लं अंडी तुडवतात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच खण पुरतो. आत मातीची पसरट कुंडी ठेवा, आणि काड्या ढाबळीत एका कोपऱ्यात टाका. घरटं जोडीला स्वतः लावू द्या, नर एकेक काडी आणून देतो.

एक युक्ती बहुतेक नवे लोक करत नाहीत. दोन पिल्लांत एक मोठं, एक लहान झालं की मोठं सगळा चारा ओढतं आणि लहान मरतं. पिल्लं आठवड्याची व्हायच्या आत दोन घरट्यांतली अदलाबदल करा, मोठी मोठ्यांबरोबर, लहान लहानांबरोबर. आईबाप त्या वयात परकं पिल्लू ओळखत नाहीत. एवढ्या एका गोष्टीने माझी मर निम्म्याहून कमी झाली. मात्र कुठलं पिल्लू कुठे ठेवलं ते वहीत लिहा, नाहीतर जोडीचा हिशोब चुकतो.

ढाबळीची जागा तुमच्याकडे भरपूर आहे. आठ बाय दहा फुटांत पंधरा जोड्या मावतात, चारांना तर ऐसपैस होईल. दक्षिण-पूर्वेला तोंड असू द्या, सकाळचं ऊन आत यावं. पावसाची झड मागून यावी. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी चहूबाजूंनी. कोंबडीच्या मोठ्या भोकांच्या जाळीतून उंदीर येतो, घूस खालून उकरते, आणि धामण तर दिवाळीनंतरही फिरत असते. मांजराला आत येता आलं नाही तरी रात्री जाळीवर चढलेलं मांजर पाहून पक्षी अंधारात उधळतात आणि अंडी थंड पडतात. आठवड्यातून दोनदा परातीत चार बोटं पाणी अंघोळीला ठेवा. कबुतरं त्यात ज्या आनंदाने लोळतात ते बघायला पोरं गोळा होतात. कोंबड्या परत आणायच्या झाल्या तर मात्र ढाबळीपासून लांब ठेवा, रोगांची देवाणघेवाण नको.

खाद्य अख्ख्या दाण्याचं. दहा किलोत साडेतीन किलो मका, दोन किलो ज्वारी, दोन किलो गहू आणि अडीच किलो सुका वाटाणा, हुलगा किंवा मटकी. यात प्रथिनं साधारण तेरा टक्के येतात. पिल्लं असताना कडधान्य मूठभर वाढवा. मका बारीक दाण्याचा घ्या. पावसाळ्यात मक्याला काळी-हिरवी बुरशी धरली तर तो पोत्यासकट टाकून द्या. बुरशीचं विष धुऊन जात नाही. आपल्याकडे घरात सोयाबीन असतंच, म्हणून सांगतो, कच्चं सोयाबीन घालू नका. त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत. दाण्याइतकीच गरज खड्याची. कबुतराला दात नाहीत, दाणा दळायला पोटात खडे लागतात. शिंपल्याचा चुरा, लाल विटेचा चुरा, थोडा कोळसा आणि शंभराला दोन-तीन भाग मीठ, असं मिश्रण वेगळ्या डब्यात कायम ठेवा. शिंपला संपला की पुढच्या विणीत पातळ कवचाची अंडी दिसतात. पाणी खोलगट भांड्यात हवं. कबूतर चोच बुडवून ओढून पितं, कोंबडीसारखं मान वर करत नाही. पिल्लं असलेली जोडी पाण्यावाचून दोन तासही राहू नये.

आता परवडतं का ते. चांगली जोडी वर्षाला बारा ते चौदा पिल्लं देते. पिसं गाळायच्या दिवसांत वीण मंदावते, ते धरूनच हा आकडा. मोठ्या जातीची एक जोडी तिच्या पिल्लांसकट वर्षाला साधारण ४५ किलो दाणा खाते. दाणा सरासरी ३५ रुपये किलो धरला तर १५७५ रुपये. बारा पिल्लं, सोलून प्रत्येकी चारशे ग्रॅम, म्हणजे पावणेपाच किलो मांस. किलोला दाण्याचाच खर्च सव्वातीनशेच्या पुढे गेला, ढाबळ आणि मेहनत वेगळी. बॉयलर कोंबडी याहून स्वस्त मिळते, बोकडाचं मटण बरंच महाग. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून हे करू नका. आपल्या डोळ्यांसमोर वाढलेलं, काय खाल्लं ते माहीत असलेलं मांस हवं असेल तर करा. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या समटर गावी १९२३ पासून कबुतरांच्या पिल्लांचा मोठा धंदा चालतो, हे खरं. पण तिथे हॉटेलांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे कोणी ‘जोड्या घ्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ’ म्हणत आलं तर दार लावून घ्या. अशाच योजनांत इमूचं काय झालं ते आपल्या शेतकऱ्यांनी पाहिलंय, कडकनाथचंही पाहिलंय.

रोगांत पहिला कँकर, हा घशाचा रोग. पिल्लू खंगायला लागलं, चारा असूनही मान टाकतंय असं दिसलं की त्याची चोच उघडून उजेडात बघा. घशात पिवळी, पनीरच्या कणीसारखी गाठ दिसते आणि कुजका वास येतो. हे सूक्ष्म जंतू आईबापाच्या दुधातूनच पिल्लाला जातात, म्हणजे पिल्लू आजारी दिसलं तरी दोष जोडीत असतो. यावर शौकीन लोक मेट्रोनिडॅझोल हे औषध सर्रास देतात. उडवायच्या पक्ष्याला ते ठीक असेल, पण युरोपात खाण्याच्या जनावरांना या गटातली औषधं द्यायला बंदी आहे. माझा नियम साधा आहे. औषध दिलेली जोडी मांसाच्या हिशोबातून बाहेर, तिची त्या विणीतली पिल्लं खायची नाहीत. पुन्हा पुन्हा कँकर देणारी जोडी काढूनच टाकायची. पावसाळ्यात डासांमुळे देवीचे फोड येतात, चोचीभोवती आणि डोळ्यांवर. डास आवरा, हाच मुख्य उपाय. मान पिरगळणं, गोल फिरणं, पंखाच्या सांध्यावर गाठ, लंगडणं, यातलं काही दिसलं तर तो पक्षी लगेच वेगळा करा आणि जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्या, घरगुती प्रयोग नकोत. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवल्याशिवाय ढाबळीत सोडायचा नाही.

तुमच्या आणि सासऱ्यांच्या छातीची काळजी यापेक्षा महत्त्वाची. कबुतराच्या वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून जो वाद झाला त्याचं मूळ हेच होतं. शिट खरवडण्याआधी पाणी शिंपडा, चांगला मास्क लावा, आणि ढाबळ सासऱ्यांच्या खोलीच्या खिडकीखाली बांधू नका. घरात कोणाला दमा असेल तर मी पाळा म्हणणार नाही. साफसफाई केल्यानंतर चार-सहा तासांनी कोरडा खोकला, ताप, धाप असं दोनदा झालं तर डॉक्टरांकडे जा आणि घरी कबुतरं आहेत हे स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. ओली शिट खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजवली तर वांगी-मिरचीला झकास खत होतं. इराणमध्ये इस्फहानजवळ मोठमोठे मनोरे बांधून कबुतरं ठेवायचे, ती मुख्यतः या खतासाठीच.

पिल्लू कधी काढायचं? दिवस मोजाच, पण खात्री पंखाखाली होते. सव्वीसाव्या दिवसापासून रोज पंख उचलून बघा. तिथली कातडी उघडी दिसते तोवर थांबा. पिसांनी भरली की पिल्लू तयार, साधारण सत्तावीस ते तीस दिवसांत. त्यानंतर ते उडायला लागतं, दोन दिवसांत वजन उतरतं आणि छातीचं मांस घट्ट होतं. पहाटे, आईबापांनी भरवण्याआधी काढा, म्हणजे अन्नपिशवी रिकामी असते. तोवर आईबाप पुढच्या अंड्यांवर बसलेले असतात, ते शोधत फिरत नाहीत. पिल्लू दोन्ही हातांत छातीशी धरून ढाबळीपासून लांब न्या, सुरी धारदार ठेवा आणि एका झटक्यात काम करा, रक्त पूर्ण निथळू द्या. हे काम मला बावीस वर्षांनंतरही सोपं वाटत नाही आणि ते घाईत करू नये असंच मी पोरांना शिकवलंय.

पिसं गरम असतानाच कोरडी ओढली तर सहज येतात. पाण्यात बुडवायचं तर पाणी उकळतं नको, हाताला सोसवणार नाही इतपतच, साठ अंशांच्या आसपास, नाहीतर नाजूक कातडी फाटते. आतडी काढताना तुम्हाला कोंबडीची सवय असेल, काळजापाशी हिरवी पित्ताची पिशवी जपून काढायची. कबुतराला ती नसतेच. मांस गडद लाल निघतं, त्याने दचकू नका, उडणाऱ्या पक्ष्याचं मांस असंच असतं. धुऊन एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच शिजवा. पिल्लाला कुकर लावू नका. आलं-लसूण, हळद, मीठ लावून झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण शिजतं, वरून थोडं सुकं खोबरं आणि काळा मसाला. कुकर म्हाताऱ्या, काढून टाकलेल्या पक्ष्यासाठी, त्याचा रस्सा चांगला होतो.

सुरुवात दिवाळीनंतर करा. ढाबळ आधी बांधून पंधरा दिवस रिकामी ठेवा, रात्री टॉर्च घेऊन उंदीर कुठून येतो ते बघा आणि ती भोकं बुजवा. मग सहा महिन्यांचे आठ पक्षी आणा, चार नर, चार माद्या. डिसेंबरात जोड्या लागल्या तर जानेवारीत अंडी पडतील. पहिल्या विणीत बहुतेक जोड्या एखादं अंडं फोडतात किंवा पिल्लू सोडतात, तेवढ्यावरून त्यांना नावं ठेवू नका. दुसऱ्या विणीपासून वहीत प्रत्येक जोडीचं एक पान करा. अंड्याची तारीख, पिल्लाची तारीख, अठ्ठाविसाव्या दिवसाचं वजन. वर्षाअखेर ज्या जोडीच्या पानावर सगळ्यांत जास्त पिल्लं असतील, तिचीच पिल्लं पुढच्या जोड्यांसाठी राखा, बाकीची ताटात.